उसासाठीचा इनलाइन ठिबक संच : घातलेला पैसा नेमका कशातून वसूल होतो

उजनी धरणाच्या लाभक्षेत्रातील मध्यम काळ्या जमिनीत, विहिरीच्या पाण्यावर घेतलेल्या उसासाठी बसवलेल्या इनलाइन ठिबक संचाविषयीचा हा अभिप्राय आहे. संच दोन एकरांवर आहे आणि त्यावर लागणीचा व खोडव्याचा (तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून पुन्हा फुटलेला) असे दोन्ही ऊस कारखान्याला गेले आहेत. त्यामुळे विक्रेत्याच्या माहितीपत्रकातील आकड्यांपेक्षा स्वतःच्या काट्याच्या पावत्या समोर ठेवून लिहिणे शक्य झाले. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह असलेल्या चांगल्या नळ्या आज अनेक कंपन्या बनवतात आणि संच टिकतो की बंद पडतो हे नळीवरील नावापेक्षा फिल्टर, आखणी व देखभाल यांवर अधिक ठरते. सुरुवातीलाच निष्कर्ष सांगतो. संच घेण्यासारखा आहे, अनुदान मिळाले नाही तरी घेण्यासारखा आहे. मात्र त्याचा पैसा वाचलेल्या पाण्यातून थेट परत येत नाही. तो वाढलेल्या टनेजमधून, वाचलेल्या खतातून आणि मजुरीतून येतो. हा फरक नीट समजून घेतला नाही तर संच बसवूनही पाणी वाचत नाही.

प्रथम संच काय आहे ते पाहू. पाच फुटी सरीवर १६ मिलिमीटर व्यासाची इनलाइन लॅटरल, म्हणजे पाणी सोडणारी नळी, अंथरली आहे. तिच्या आतच दर ४० सेंटिमीटरवर थेंबथेंब पाणी सोडणारा ड्रीपर बसवलेला असून प्रत्येक ड्रीपरचा प्रवाह ताशी २ लिटर आहे. पाच फुटी सरीला एकरी सुमारे २,६६० मीटर नळी लागते, म्हणजे एका एकरात साडेसहा हजारांहून अधिक ड्रीपर येतात आणि तासाला साधारण १३ हजार लिटर पाणी जमिनीला मिळते. उन्हाळ्यात उसाची रोजची गरज ६ मिलिमीटर धरली, तर एकराला रोज २४ हजार लिटर पाणी हवे. म्हणजे दोन तासांपेक्षा थोडा कमी वेळ संच चालवला की त्या दिवसाचे काम झाले. हा हिशेब प्रत्येक खरेदीदाराने संच घेण्यापूर्वी स्वतः कागदावर मांडावा, कारण आपल्या मोटारीचा ताशी प्रवाह आणि विहिरीचा उपसा यांच्याशी तो जुळला नाही, तर चांगल्यातला चांगला संचही शेताच्या शेवटच्या टोकाला पाणी पोहोचवू शकणार नाही.

या आकड्यांच्या शेजारी पाटपाण्याचे आकडे ठेवले की फरक लक्षात येतो. सुरू (जानेवारी-फेब्रुवारीत लावलेल्या) उसाला मोकाट पद्धतीने २०० ते २५० सेंटिमीटर पाणी दिले जाते. २५० सेंटिमीटर म्हणजे एका एकराला एक कोटी लिटर. त्यातील मोठा भाग मुळांच्या खाली निघून जातो, बांधाकडेला साचतो किंवा दोन सऱ्यांमध्ये तण वाढवतो. ठिबकवर हीच गरज साधारण ४० ते ५० टक्के कमी पाण्यात भागते, असे कृषी विद्यापीठे व ऊस संशोधन संस्था अनेक वर्षे सांगत आल्या आहेत, आणि मोटार चालण्याच्या तासांवरून आमचा अनुभवही याच्याशी जुळणारा आहे.

आता खर्च. सँड फिल्टर (वाळूची गाळणी), डिस्क फिल्टर, व्हेंच्युरी (खत पाण्यात ओढून सोडणारे उपकरण), पीव्हीसी मेन व सबमेन (मुख्य व उपमुख्य नळ्या), व्हॉल्व्ह, लॅटरल आणि जोडणीची मजुरी धरून एकरी सुमारे ५५ हजार रुपये लागले. प्रति थेंब अधिक पीक या केंद्रपुरस्कृत योजनेतून अल्प व अत्यल्प भूधारकांना ५५ टक्के आणि इतरांना ४५ टक्के अनुदान मिळते. राज्याच्या मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतील पूरक अनुदानाने ते अनुक्रमे ८० व ७५ टक्क्यांपर्यंत जाते. मात्र ही टक्केवारी शासनाने ठरवलेल्या खर्चमर्यादेवर मोजली जाते, आपल्या बिलावर नव्हे. त्यामुळे चांगला सँड फिल्टर आणि जाड नळी घेतली की वरचा फरक स्वतःच्या खिशातून भरावा लागतो आणि हातात पडणारी रक्कम बिलाच्या ८० टक्के नसते. राज्याच्या महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज करणे, सातबारा व आठ-अ जोडणे, पूर्वसंमती मिळाल्यावरच खरेदी करणे आणि मग मोका तपासणी (प्रत्यक्ष शेतावरची पाहणी) होऊन रक्कम आधार संलग्न खात्यात येणे, असा हा मार्ग आहे. पूर्वसंमतीच्या आधीच्या तारखेचे बिल चालत नाही. अनेक शेतकरी विक्रेत्याच्या घाईमुळे आधी संच बसवून मोकळे होतात आणि अनुदानाला मुकतात, म्हणून हे ठळकपणे सांगावेसे वाटते. रक्कम जमा व्हायला वेळ लागतो हेही गृहीत धरावे आणि अनुदान हातात येईल या भरवशावर उचल घेऊ नये.

उत्पन्नाची बाजू अशी आहे. याच दोन एकरांत पाटपाण्यावर लागणीच्या उसाचे एकरी उत्पादन ४२ टनांच्या आसपास येत असे. ठिबकवरील लागणीचे ५४ टन आले. खोडवा ३४ टनांवरून ४५ टनांवर गेला. तोडणी-वाहतूक वजा जाता टनाला २,७०० रुपये धरले, तर लागणीत एकरी ३२ हजार आणि खोडव्यात जवळपास ३० हजार रुपये वाढीव मिळाले. त्यातून विद्राव्य खतांचा जादा दर, आम्ल प्रक्रियेचा खर्च आणि किरकोळ जोडण्यांची दुरुस्ती यांसाठी प्रत्येक पिकाला चार हजार रुपये वजा केले, तर दोन तोडण्यांत एकरी ५४ हजार रुपये उरतात, म्हणजे अनुदान अजिबात धरले नाही तरी संचाची किंमत जवळजवळ भरून निघते. कर्ज काढून संच घेतला असेल तर व्याजासह तिसऱ्या तोडणीपर्यंत थांबावे लागेल. पूर्ण प्रामाणिकपणे सांगायचे, तर ही सगळी वाढ एकट्या ठिबकची नाही. सरी चार फुटांवरून पाच फुटांवर नेली, कांड्यांऐवजी एक डोळा रोपे लावली आणि खोडव्यात पाचट न जाळता कुजवले; या तिन्हींचा वाटा त्यात आहे. परंतु रुंद सरीत दोन ओळींमधली जागा कोरडी ठेवून फक्त मुळाशी वाफसा (ओल व हवा यांचा योग्य मेळ) राखणे पाटपाण्यावर जमत नाही, त्यामुळे या बदलांना ठिबकाशिवाय इतके फळ मिळाले नसते, असे माझे मत आहे.

खताची बचत मला सर्वांत समाधान देणारी वाटली. पाटपाण्यावर युरियाची पोती सरीत पडत आणि पाठोपाठ दिलेल्या पाण्याबरोबर त्यातील बराच नत्र खाली झिरपून विहिरीच्या दिशेने जाई. व्हेंच्युरीतून युरिया, १२:६१:० आणि पांढरा पोटॅश आठवड्याच्या हप्त्यांनी दिला तेव्हा एकूण मात्रा सुमारे चतुर्थांशाने कमी करूनही पानांचा रंग टिकला. विद्राव्य खताचे पोते महाग असते हे खरे, म्हणून नत्रासाठी साधा युरिया आणि स्फुरदाचा काही भाग लागणीच्या वेळी जमिनीतून देणे परवडते. सगळीच खते विद्राव्य घ्यावीत असा विक्रेत्यांचा आग्रह असतो, तो मानण्याचे कारण नाही.

मजुरीचा हिशेब पैशांत मांडणे अवघड आहे, तरी तो मांडलाच पाहिजे. शेतीपंपांची वीज काही आठवडे दिवसा आणि काही आठवडे रात्री येते. रात्रपाळीत बॅटरी घेऊन उसात दारे धरणारा माणूस आता मिळत नाही, आणि मिळाला तरी साप व विंचवाच्या भीतीने त्याला उभ्या उसात पाठवणे मनाला पटत नाही. ठिबकावर हे काम म्हणजे शेताच्या तोंडाशी दोन व्हॉल्व्ह फिरवणे एवढेच राहिले आहे. खुरपणीही कमी झाली, कारण सरीच्या मधल्या पट्ट्यात पाणीच जात नाही. ज्या घरात तरुण मुले शहरात नोकरीला आहेत आणि शेत वयस्कर आईवडील पाहतात, तिथे केवळ एवढ्या एका कारणासाठीही हा खर्च योग्य आहे.

आता दोषांकडे वळतो. जोडणीसाठी आलेल्या कारागिरांनी सबमेनला छिद्रे पाडल्यावर आतला प्लॅस्टिकचा चुरा धुऊन न काढता लॅटरल जोडल्या आणि लगेच टोकांना एंड कॅप लावून ते निघून गेले. पहिल्याच आठवड्यात काही सऱ्यांचे शेवटचे भाग कोरडे दिसू लागले. लॅटरलची टोके उघडून मोटार चालवली तेव्हा आधी पांढरा चुरा, मग तांबूस गाळ आणि बऱ्याच वेळाने स्वच्छ पाणी आले. याच विक्रेत्याने विहिरीचे पाणी स्वच्छ असते म्हणून फक्त जाळीचा फिल्टर पुरेल असे सुचवले होते. ते आम्ही ऐकले नाही आणि सँड फिल्टरसाठी वेगळे पैसे मोजले. उघड्या विहिरीत शेवाळ धरतेच, आणि शेवाळाला साधी जाळी रोखू शकत नाही. संपूर्ण संचात काटकसर करायचीच असेल तर ती व्हॉल्व्हच्या संख्येत करावी, फिल्टरमध्ये कदापि करू नये.

क्षारांचा प्रश्न त्याहून चिवट आहे. आमच्या भागातील विहिरींचे पाणी जड आहे आणि ड्रीपरच्या तोंडाभोवती काही महिन्यांत पांढरी कडी धरलेली दिसतात. ती डोळ्यांना दिसण्याआधीच प्रवाह घटलेला असतो, म्हणून तपासणीची एक सोपी पद्धत सांगतो. ताशी २ लिटरच्या ड्रीपरमधून मिनिटाला सुमारे ३३ मिलिलिटर पाणी पडले पाहिजे. औषधाच्या बाटलीसोबत मिळणारे मापाचे टोपण सबमेनजवळच्या, सरीच्या मधल्या आणि शेवटच्या ड्रीपरखाली भरेल तसे रिकामे करून मिनिटाचा प्रवाह मोजावा. नव्या संचात आमच्याकडे पहिल्या ड्रीपरला ३३ आणि शेवटच्याला ३१ मिलिलिटर असे आकडे आले होते. पहिल्या उन्हाळ्याच्या अखेरीस शेवटचा आकडा २४ वर आला. म्हणजे सरीच्या टोकाचा ऊस ठरलेल्या पाण्याच्या तीन चतुर्थांशाच्याही आत वाढत होता, आणि वरून पाहता शेत हिरवेगार होते. आम्ल प्रक्रिया केल्यावर तोच ड्रीपर पुन्हा ३० वर गेला. पाण्याचा सामू (पीएच) चारच्या आसपास येईल इतके आम्ल व्हेंच्युरीतून सोडून, ते रात्रभर नळ्यांत ठेवून, दुसऱ्या दिवशी टोके उघडून धुऊन काढणे, एवढीच ही प्रक्रिया आहे. आम्ल नेहमी पाण्यात ओतावे, पाणी आम्लात कधीही ओतू नये, आणि हातमोजे व चष्म्याशिवाय हे काम कोणालाही करू देऊ नये. ही माहिती संचाबरोबर मराठीत छापील स्वरूपात मिळायला हवी होती. आमच्या हाती आलेली पुस्तिका इंग्रजीत होती आणि ज्याच्यासाठी ती छापली त्याच्या ती उपयोगाची नव्हती. ही मला या व्यवसायातील सर्वांत मोठी उणीव वाटते.

उंदीर आणि खारी नळ्या कुरतडतात, तोडणीच्या वेळी कोयत्याने नळी कापली जाते आणि शेजारच्या फडात पाचट पेटवले तर आपल्या नळ्यांनाही झळ पोहोचते. तोडणीपूर्वी लॅटरल गुंडाळून बांधावर ठेवाव्यात आणि जॉइनरची एक पिशवी घरात असू द्यावी. यापलीकडे त्यावर फार लिहिण्यासारखे नाही.

आता पाण्याच्या बचतीचा खरा प्रश्न. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना राज्यात एप्रिल २०२४ पासून मोफत वीज आहे, आणि कालव्याच्या पाण्याची पट्टी बहुतेक ठिकाणी अजूनही पीक व क्षेत्र पाहून आकारली जाते, मोजून दिलेल्या पाण्यावर नव्हे. त्यामुळे ठिबकाने पन्नास लाख लिटर पाणी वाचवले तरी शेतकऱ्याच्या कोणत्याही बिलात त्याची नोंद होत नाही. ते पाणी विहिरीत राहते, आणि विहिरीत पाणी दिसले की आणखी एक एकर ऊस लावण्याचा मोह होतो. राज्याच्या लागवडीखालील क्षेत्रापैकी जेमतेम चार-पाच टक्के क्षेत्रावर असलेला ऊस सिंचनाच्या पाण्यातील निम्म्याहून अधिक वाटा घेतो, हे चित्र ठिबक आल्यावरही बदलत नाही, याचे एक मोठे कारण हेच आहे. राज्य मंत्रिमंडळाने २०१७ मध्ये उसासाठी ठिबक सक्तीचे करण्याचा निर्णय घेतला तेव्हाही चर्चा झाली ती किती हेक्टरवर नळ्या अंथरायच्या याचीच. वाचलेले पाणी कुठे जाणार, हा प्रश्न त्या मानाने मागेच पडला.

आम्ही वाचलेल्या पाण्यावर उसाचे क्षेत्र वाढवले नाही. त्यातील थोडे पाणी रब्बीत अर्ध्या एकर कांद्याला दिले आणि उरलेले विहिरीतच राहू दिले. हा निर्णय त्या वेळी घरातही सर्वांना पटला नव्हता. पडीक राहिलेल्या तुकड्यावर ऊस लावला असता तर आणखी चाळीस टन निघाले असते, असे वडिलांचे म्हणणे होते आणि एका चांगल्या पावसाच्या वर्षापुरते ते बरोबरही होते. पण २०२३ च्या पावसाळ्यात उजनी पूर्ण भरले नाही आणि २०२४ च्या उन्हाळ्यात धरणाचा साठा उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली, म्हणजे मृतसाठ्यात खोलवर गेला. कालव्याला पाणी नसले की त्याच्या पाझरावर जगणाऱ्या विहिरीही तळ गाठतात. त्या उन्हाळ्यात परिसरातील कित्येकांनी वाढ खुंटलेला ऊस चाऱ्यासाठी तोडून दिला आणि फळबागा असलेल्यांनी टँकर विकत घेतले. आमच्या विहिरीला दिवसाआड दीड-दोन तासांचा उपसा मिळत राहिला आणि तेवढ्यावर दोन एकर ऊस तगला. टनेज घटले, पण पीक हातचे गेले नाही. पाटपाणी असते तर त्या उपशात दोन सऱ्याही भिजल्या नसत्या. वाचलेल्या पाण्याची किंमत अशा एका वर्षात कळते, आणि ती कळण्यासाठी त्याआधीच्या वर्षांत पाणी राखलेले असावे लागते. माझ्या हिशेबाने त्या एका हंगामात वाचलेले पीक संचाच्या किमतीहून अधिक मोलाचे होते.

आणखी एक फायदा ताळेबंदात दिसत नाही, तरी तो नोंदवला पाहिजे. सांगली-कोल्हापूरकडे कृष्णाकाठच्या कित्येक गावांत अति पाण्याने जमिनी क्षारपड झाल्या. एकेकाळी शंभर टनांच्या गप्पा जिथे होत तिथे आज पांढरा थर आलेला दिसतो, आणि अशी जमीन पुन्हा पिकाखाली आणण्यासाठी जमिनीखाली सच्छिद्र नळ्यांची निचरा प्रणाली टाकावी लागते, जिचा खर्च ठिबक संचाहून जास्त येतो. भारी काळ्या जमिनीत ज्यांचे शेत आहे त्यांनी ठिबकाकडे या दृष्टीनेही पाहावे. खारावलेल्या पाण्यावर मात्र ठिबकामुळे ओल्या पट्ट्याच्या कडेला क्षार साठतात आणि पावसाळ्यात ते धुऊन जायला हवेत, याचे भान ठेवावे.

विक्रीनंतरच्या सेवेला मी फार तर काठावर पास म्हणेन. बिल होईपर्यंत रोज येणारा फोन नंतर थांबला. मोफत भेटींचे आश्वासन तोंडी होते, म्हणून ते मागता आले नाही. ज्यांना संच घ्यायचा आहे त्यांनी पाणी व माती तपासणीचा अहवाल, त्यावर आधारित आखणीचा नकाशा, प्रत्येक नळीवरील मानक चिन्हाची खात्री, जोडणीनंतर सर्व लॅटरल धुऊन दाखवणे, पहिल्या आणि शेवटच्या ड्रीपरचा प्रवाह मोजून देणे आणि पहिल्या वर्षातील निदान दोन देखभाल भेटी या गोष्टी बिलावरच लिहून घ्याव्यात आणि प्रवाहाचे मोजमाप समोर झाल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये. नळ्या नीट सांभाळल्या तर सहा-सात वर्षे सहज जातात. मेन, सबमेन आणि फिल्टर त्याहून बरेच अधिक टिकतात. सात वर्षांनंतर त्याच क्षेत्रासाठी पुन्हा अनुदानाचा अर्ज करता येतो, तेव्हा केवळ लॅटरल बदलण्याचा विचार आहे. त्या वेळी ४० ऐवजी ३० सेंटिमीटर अंतराची नळी घेणार आहोत, कारण आमच्या शेताच्या वरच्या, थोड्या मुरमाड भागात दोन ड्रीपरमधली ओल एकमेकींना मिळत नाही आणि तिथली रोपे पहिल्या दोन महिन्यांत मागे पडतात.